एअरबॅगवर चिकटवलेली पिंड

मित्रहो, आज सकाळी गाडीच्या सर्व्हिसिंगसाठी गेवराईला गेलो होतो. दुष्काळामुळे गॅरेजात गाड्या धुणं बंद आहे, म्हणून मेकॅनिक कोरड्या फडक्यानं डॅशबोर्ड पुसत होता. डाव्या बाजूला मी परळीहून आणलेली महादेवाची पितळी पिंड चिकटवली आहे. तिथं त्याचा हात थांबला.

"काका, या सीटवर कोण बसतं?"

"तुझी काकू."

"मग पिंड इथं काऊन चिकटवली? खाली एअरबॅग हाय. धडक बसली की ती फाडकन उघडंल, अन् पिंड थेट काकूच्या तोंडावर!"

यंदा ऊस कमी, तरी कारखान्याच्या ट्रॉल्या रात्री रस्त्यावर बिनदिव्याच्या उभ्या असतात. त्या भीतीनंच एअरबॅगची गाडी घेतली, आणि त्याच भीतीनं पिंडही बसवली.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "चार वर्षं त्यानंच सांभाळलं की! आता त्यालाच गाडीतून उतरवता व्हय?"

मला दोघांचंही पटत होतं. देव उतरवून गाडी सुरक्षित होते की उघडी पडते? तुम्ही काय केलं असतं?

दुपारभर विचार केला. मग पिंडीखालून दोरा ओढत चिकटपट्टी कापून ती सोडवली, हात जोडले आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवली.