निवेदिकेने घेतलेला दोष

वाग्देवीला वंदन करून, देवपुरातील आमच्या सामुदायिक रेडिओच्या वर्धापनदिनी एका निवेदिकेविषयी लिहितो. सातपुड्याच्या पायथ्याची ती बाई चपला बाहेर काढून माइकपुढे बसे आणि गावोगावच्या बायांची अक्का होऊन त्यांच्याशी अहिराणीत थट्टा करीत बोले. प्रशिक्षक म्हणून मी तिला कार्यक्रमात प्रमाण मराठीत लिहिलेले वाचायला लावले. तिने निमूट वाचले. महिन्याभरात बायांचे फोन थांबले.

“आबा, तुम्हनं बठ्ठं बराबर शे,” सगळे मान्य करीत ती मला म्हणाली, “पन बाया इचारतस, आपली अक्का कोठे गयी?”

पुढे फोन का थांबले, याचा समितीने तिलाच जाब विचारला. माझे नाव न घेता ती हसली, “मन्हाच आवाज बसी गयथा.”

मी शेजारीच होतो, गप्प राहिलो. भगवती आपणांस व आपल्या घरच्यांस वेळेवर खरे बोलण्याचे धैर्य देवो.