आसुडासमोरचा म्हातारा

बापाच्या अंगावरून वारं गेलं आणि आमच्या घरातला चामड्याचा धंदा बसला. आई रोजानं जायची, तरी एखाद्या दिवशी चूल थंडच राहायची. मी घरातली पहिली पदवीधर. बापाचं काम आपणच उभं करायचं, असं मी ठरवलं.

नांदूरघाटच्या बाजारात एक म्हातारा आसूड विणत बसायचा. नाव त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. भिजवलेल्या चामड्याच्या वाद्यांचं टोक पायाच्या अंगठ्यात धरून तो विणायचा आणि दर पेडाला मान तिरकी करून बघायचा. विणायला मी त्याच्याकडेच शिकले.

माझा पहिला आसूड विणून झाला, तेव्हा तो उठून माझ्यासमोर उभा राहिला.

"वाजीव आता."

"बाबा, बाजूला व्हा. शेंड्याची गाठ सुटली तर वादी डोळ्यात जाईल तुमच्या."

"ठावं हाय. काहून भ्यायलीस? बी.ए. झालीस न्हवं?"

गाठ मीच मारली होती आणि माझाच तिच्यावर विश्वास बसेना. "थांबा," म्हणून मी ती सोडली आणि दातांनी ओढून पुन्हा मारली. म्हातारा जागचा हलला नाही. मी हात उचलला. आसूड कडाडला तेव्हा माझे डोळे गच्च मिटलेले होते.

उघडले, तर म्हातारा हसत होता.

"लई भ्यालीस. भ्यायलाच पायजे. न भिणाऱ्याच्या हातचा आसूड मी इकत न्हाई."

त्यानं माझा आसूड आपल्या आसुडांच्या ओळीत मांडला. उन्हं उतरायच्या आत तो विकला गेला.