बोलायचा हक्क नसलेली ताई

समोरच्या माणसाला काहीही न करायला लावणं, हे ताईंचं काम होतं. हसू नका. कॉलेजात असल्यापासून ‘उठा, बोला, रस्त्यावर या’ अशी पत्रकं लिहीत आलेली मी, मँचेस्टरला त्यांच्या हाताखाली इंटर्न म्हणून रुजू झाले, आणि पहिल्याच सकाळी पाहते तर ही बाई फोनवर कुणाला तरी कळवळून सांगत होती की बाबा रे, शुक्रवारपर्यंत गप्प बस, एक शब्द बोलू नकोस. फोन ठेवून माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, “तू नवीन मुलगी ना? बस. इथे गप्प बसवायचं शिकायचं आहे.”

मी मनात म्हटलं, झालं! ह्याचसाठी विमानाचं तिकीट काढलं होतं का?

आमच्या छोट्या संस्थेचं ऑफिस म्हणजे एका कम्युनिटी सेंटरमधली माडीवरची खोली. खाली झुंबा, वर युरोपियन स्पोर्ट पॉलिसी. युरोपभरच्या खेळसंघटनांचं एक मोठं जाळं होतं आणि त्याचे नियम ब्रसेल्समध्ये ठरत. ब्रेक्झिटनंतर त्यात ब्रिटनचं मत गेलं, आमच्याकडे उरली निरीक्षकाची खुर्ची. बसा, ऐका, बोलू नका. तिथली रीतही अजब. मसुदा सगळ्या देशांना पाठवायचा, मुदत द्यायची, आणि तोवर कुणी हरकत घेतली नाही तर तो मंजूर. हात वर करणं नाही, मतमोजणी नाही. “माझा बाबा म्हणायचा ना, मौनं समथिंग समथिंग,” ताई म्हणायच्या. “तेच. फक्त मुदत घालून.”

ताईंचा जन्म नॉटिंगहॅमचा. वडील सोलापूरहून इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून आले ते इथलेच झाले. ताईंचं मराठी घरात ऐकून शिकलेलं, त्यात ‘तुम्ही’ नव्हतंच. गणपतीच्या कार्यक्रमात निवृत्त सर्जनना, म्हणजे वडिलांच्या मित्रांना, त्या सगळ्यांदेखत “तू किती बारीक झालास, नीट खात नाहीस का?” असं विचारायच्या आणि ते म्हातारे खूश व्हायचे. ब्रसेल्सच्या प्रतिनिधींशीही हीच भाषा, फक्त इंग्रजीत. कुणाच्या मुलीची परीक्षा, कुणाच्या बायकोचा गुडघा, सगळं त्यांना ठाऊक. मग एखाद्या छोट्या देशाचा माणूस बैठकीत उभा राहून एक सुरेख वाक्य सुचवायचा, ते मंजूर व्हायचं, आणि आमच्या खोलीत ताई बिस्किटाचा पुडा फोडायच्या. वाक्य त्यांचं असायचं. “आपल्या वाक्याला आता पासपोर्ट नाही,” त्या म्हणायच्या. “मग दुसऱ्याच्या खिशातून पाठवायचं.”

माझ्या मसुद्यांवर त्यांचा पेन्सिलीचा वरवंटा फिरायचा. ‘लाजिरवाणं’ गेलं, ‘संतापजनक’ गेलं, ‘निर्लज्ज’ तर केव्हाच गेलं. “तुझं प्रत्येक वाक्य मोर्चा काढतं गं. त्यांना मोर्चा नको, कॉमा पाहिजे.” मी भांडायचे. ताई, तुम्ही अशाने सगळ्यांना सांभाळून घेता, मग बदलतं काय? त्या चहा ढवळत म्हणायच्या, “एक वाक्य. वर्षाला एक वाक्य बदललं तरी मी शांत झोपते.”

त्या वर्षीचं वाक्य वैशालीचं होतं.

वैशाली मूळची नाशिकची, लेस्टरला हॉस्पिटलात नर्स. तिची ईरा जिम्नॅस्टिक्सला जायची. कोच तिला सगळ्या मुलींसमोर वजनकाट्यावर उभी करून ‘बटाटा’ म्हणायचा आणि पाय पूर्ण फाकवताना पाठीवर बसायचा. वैशालीने तक्रार केली. ती पोचली क्लबच्या मुलांच्या सुरक्षेसाठी नेमलेल्या अधिकारी बाईंकडे. त्या बाई कोचची बायको. मी हे रंगवून सांगत नाही, एवढंच आहे. वर, देशाच्या जिम्नॅस्टिक्स संघटनेकडे गेली तर उत्तर आलं, हा क्लबचा अंतर्गत प्रश्न आहे. आणि नियम बदलायचा तर आधी युरोपचं मानक येऊ द्या, आम्ही ते स्वीकारू.

“मग आणते मी युरोपचं मानक,” ताई वैशालीला म्हणाल्या. आमच्याच खोलीत, माझ्यासमोर. वैशाली ड्यूटीवरून तशीच गाडी हाकत आली होती. “नक्की आणाल ना, ताई? ईरा विचारते, माझं कुणी ऐकलं का.” ताई कधी वचन देत नसत. त्या दिवशी दिलं.

वाक्य साधं होतं. मुलाची तक्रार क्लबच्या बाहेरच्या माणसाकडे जाईल. बस. पुढचे कित्येक आठवडे ताईंनी देशामागून देश गप्प केला. ज्यांना खर्चाची भीती त्यांना समजावलं, ज्यांना आळस त्यांच्या आळसाला शाबासकी दिली. कितीदा मी शेवटच्या बसने घरी जायचे आणि त्या अजून हेडफोन लावून कुणाच्या तरी नातवाचं बारसं ऐकत असायच्या. शेवटच्या सकाळी सगळा युरोप गप्प होता. बिस्किटं टेबलावर होती.

मुदत संपायच्या जरा आधी एक हरकत आली. एका अगदी छोट्या देशाकडून, जिथे जिम्नॅस्टिक्सचे क्लब असतील तर मोजकेच. वाक्य चांगलंच आहे, फक्त त्यात ‘व्यवहार्य असेल तिथे’ एवढे शब्द घालावेत.

ताईंनी ते इंग्रजी दोनदा वाचलं. मग हसल्या. मला ते हसू अजून ऐकू येतं. “हे त्यांचं इंग्लिश नाही गं. तो माणूस ‘इफ पॉसिबल’ लिहील. हे इथलं आहे. आपल्याच लोकांचं. कुणीतरी त्याच्या खिशात घातलं.” म्हणजे ज्या संघटनेने ‘युरोपकडून आणा’ म्हणून वैशालीला वाटेला लावलं, तिथलंच कुणीतरी मागच्या दाराने युरोपात जाऊन ते वाक्य मारत होतं. तेही ताईंच्याच रीतीने! पुरावा काही नव्हता. वाक्यरचना हा पुरावा होत नाही. ताईंनी त्या छोट्या देशाच्या माणसाला फोन केला, वर्षानुवर्षांचा दोस्त. तो म्हणाला, “सॉरी, माय डिअर. मला वाटलं हे तूच पाठवलंयस.”

व्यवहार्य असेल तिथे. कोचच्या बायकोला ते कधी व्यवहार्य वाटेल?

मी म्हटलं, ताई, बस झालं. पत्रक काढू, नावं घेऊ, दारात बसू. “आणि ईराचं नाव बाहेर येईल. शाळेत, सगळीकडे. तू बसशील दारात, ती कुठे बसेल?” ते शब्द घातलेल्या नव्या मसुद्यावर ऑनलाइन बैठक लागली. ताईंनी ज्यांना ज्यांना ‘गप्प बस’ सांगितलं होतं त्या सगळ्यांना आता फोन करून ‘बोल, प्लीज बोल’ म्हणून सांगितलं. पण गप्प राहायला त्या इतक्या वर्षांत त्यांना छान शिकवून बसल्या होत्या. एकेक जण म्हणे, आता कशाला, बरंच तर झालंय, नव्वद टक्के तुझंच वाक्य आहे.

बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, कुणाची हरकत? पडद्यावर सगळे चेहरे, कुणाच्या मागे पुस्तकं, कुणाच्या मागे कुंडी. कुणी हललं नाही. आणि ताईंनी माईक चालू केला.

“एक मुलगी आहे,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला. “तिला वजनकाट्यावर उभी करतात. तिने तक्रार केली ती त्याच माणसाच्या घरात गेली. तुम्ही आत्ता हे पास केलंत तर ती परत तिथेच जाईल. प्लीज. कुणीतरी एकाने हात वर करा. मला करता येत नाही.”

“निरीक्षकांना बोलायचा अधिकार नाही,” अध्यक्ष सौम्यपणे म्हणाले.

“मला माहीत आहे. प्लीज.”

त्यांचा माईक तिकडून बंद झाला. ताई बोलत राहिल्या. ओठ हलताना पडद्यावर दिसत होते. आवाज ऐकायला फक्त मी होते, त्या खोलीत, त्यांच्या शेजारी. खाली झुंब्याचं गाणं लागलं होतं. मसुदा मंजूर झाला आणि कुणीतरी सवयीने आभार मानले.

वैशालीला ईमेल करा, मी सुचवलं. त्यांनी फोनच केला. “वैशाली, नाही झालं. मी म्हटलं होतं आणते, नाही आणता आलं.” स्पीकर चालू होता. ती म्हणाली, “म्हणजे आता मी पुन्हा त्या बाईंकडेच जायचं?” ताई म्हणाल्या, “हो.” गुळगुळीत करून सांगायची एवढी सवय असलेली बाई, पण त्या दिवशी एक अक्षर जास्त नाही. “ताई, ती आता बागेत कोलांटीसुद्धा मारत नाही हो,” वैशाली म्हणाली आणि फोन ठेवला.

शिष्टाचार मोडल्याबद्दल ब्रसेल्सहून तक्रार आली. ती मात्र बरोबर योग्य ठिकाणी पोचली! आमच्या विश्वस्तांनी ताईंना जायला सांगितलं, खोली झुंबावाल्यांना दिली, माझी इंटर्नशिप तिथेच संपली. ताई नॉटिंगहॅमला वडिलांजवळ राहायला गेल्या. मी गाडीत सामान चढवू लागले. “मी ह्या कामात फार चांगली होते,” त्या म्हणाल्या. “तोच प्रॉब्लेम झाला. तू एवढी चांगली होऊ नकोस हं.” मी “ताई, भेटायला येईन” म्हणाले. त्यांनी मान हलवली. आता फोन उचलत नाहीत. त्यांचे बाबा उचलतात, म्हणतात, ती बागेत आहे, आणि मागे ताईंचा खोकला ऐकू येतो, अगदी जवळून.

शनिवारी मी लेस्टरची ट्रेन धरते. क्लबच्या फाटकाबाहेर फुटपाथवर उभी राहून पत्रकं वाटते. त्यात ताईंचं ते वाक्य असतं, कुणाचं नाव नसतं आणि एकही विशेषण नसतं. मुली केस घट्ट बांधून आत जातात. बहुतेक आया मला ओलांडून जातात. एकदोघी पत्रक घेऊन पुढच्या कचराकुंडीत टाकतात. परवा एक आई थांबली, मुलीला आत सोडून परत आली. तिने खाली मान घालून पूर्ण वाचलं.

“पण मग सांगायचं कुणाला?” तिने विचारलं.

“मला सांगा.”

“तुम्ही कोण?”

“कुणीच नाही,” मी म्हटलं. “पण मी क्लबच्या बाहेरची आहे.”