स्टाफ केबिन : हीटिंगची गरज नाही

अनुराधा साठेच्या नाकावर राग असतो, हे दुबईच्या अल क्वोजमधल्या तिच्या ऑफिसात नव्यानं आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी कळतं. पहिल्या दिवशी तो वाचतो, कारण त्याच्या हातून अजून काही चुकलेलं नसतं. बाई बावन्न वर्षांच्या, पुण्यातून मेकॅनिकल इंजिनिअर झालेल्या, एकवीस वर्षं दुबईत, आणि काम काय, तर खोल्या गरम ठेवायच्या. राजन, तिचा नवरा, पाहुण्यांना सांगतो की आमची ही उंटांना स्वेटर विणते. पाहुणे हसतात. ती हसत नाही.

‘दुबईत कसली थंडी?’ हे तिनं इतक्या वेळा ऐकलंय की आता ती उत्तर देत नाही, नुसती बघते. थंडी असते. शेजारच्या रास अल खैमाच्या डोंगरात तर जानेवारीच्या पहाटे पारा तीन-चार अंशांवर उतरतो आणि वारा सुटला की दात वाजतात. तिथल्याच एका दरीत पाहुण्यांसाठी आलिशान तंबू उभे करायचं काम गेल्या वर्षी तिच्या कंपनीला मिळालं. मालक रणजित तिच्याहून दहा वर्षांनी लहान. काम काढून घ्यायचं असलं की तो तिला ‘ताई’ म्हणतो, आणि बिनसलं की ‘मॅडम’. तेव्हा ‘ताई’ म्हणून त्यानं सांगितलं, सगळ्या प्रकारच्या हीटिंगचा एक तक्ता करून द्या, क्लायंटला निवडू दे.

तिनं मन लावून तक्ता केला. गॅसचा हीटर स्वस्त आणि झटपट, पण धुराडं नसेल तर तो खोलीतलीच हवा खाणार आणि वर ओल सोडणार. डिझेलचा दणकट, पण त्याचा धूर बाहेर काढायला पाइप हवा आणि त्याची घरघर पाहुण्यांना झोपू द्यायची नाही. लाकूड फोटोत छान दिसतं. तेल भरलेला विजेचा रेडिएटर बिनधोक, पण वीज पिणारा. सगळ्यांत शहाणा तो गरम-थंड दोन्ही करणारा एसी. उन्हाळ्यात आतली उष्णता बाहेर टाकतो, हिवाळ्यात उलटा चालून बाहेरची आत ओढतो, आणि रेडिएटरच्या साधारण तिसऱ्या हिश्शाच्या विजेत तेवढीच ऊब देतो. कोळशाला तिनं रकानाच ठेवला नव्हता. कोळशानं खोली गरम करायची असं तिच्यासमोर कुणी म्हणालं असतं तर त्याची धडगत नव्हती.

क्लायंटनं शहाणा एसी निवडला. जेवणाच्या मोठ्या तंबूसाठी जास्तीचे चार रेडिएटरही घेतले. जानेवारीतल्या एका शुक्रवारी संध्याकाळी उद्घाटन होतं. त्या दिवशी सकाळी सगळी यंत्रं तपासून सही करायला अनुराधा डोंगरावर पोचली.

एकूण एक तंबू उबदार होता. ती खुशीत होती, म्हणजे कुणावर ओरडत नव्हती. तेवढ्यात स्वयंपाकी सतीश दिसला नाही म्हणून तिनं चौकशी केली. साताऱ्याचा सतीश तिला दर खेपेला न विचारता चहा आणून द्यायचा. रफिक, तिथला केअरटेकर, म्हणाला की त्याचं डोकं दुखतंय, सकाळपासून दोनदा उलटी झाली, शिळं खाल्लं असेल. आणखी दोघांचंही डोकं जड आहे. रोज सकाळी असंच होतं, दहा वाजेपर्यंत उतरतं.

रोज सकाळी. अनुराधा पुढचं ऐकायला थांबलीच नाही. तंबूंच्या मागे, खडकाच्या आड, रफिकसकट सहा माणसांची स्टाफ केबिन होती. दाराखालच्या फटीत ब्लँकेट कोंबलेलं. एक्झॉस्ट फॅनच्या भोकावर पुठ्ठा, वर चिकटपट्टी. आणि दोन खाटांच्या मध्ये लोखंडी घमेलं, त्यात बार्बेक्यूच्या कोळशाची राख. तिनं हात लावून पाहिलं. राख अजून कोमट होती.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बंद खोलीत कोळशातून सुटणाऱ्या विषारी वायूला ना वास ना रंग, माणूस झोपेतच जातो, शेजारच्याला पत्ताही लागत नाही. तिनं पुठ्ठा ओरबाडून काढला, दार सताड उघडलं, खाटेवर पडलेल्या सतीशला स्वतःच्या गाडीत बसवून ड्रायव्हरबरोबर हॉस्पिटलात पाठवलं आणि डॉक्टरांना कोळशाचं सांगायचं असं ड्रायव्हरकडून दोनदा वदवून घेतलं. डोकं जड असलेल्या दोघांनाही त्याच गाडीत कोंबलं. मग रफिककडे वळली. तो पन्नाशीचा, बिहारमधल्या सिवानचा माणूस, मान खाली घालून उभा होता.

“एसी है ना? दो-दो एसी हैं,” ती म्हणाली.

“मॅडम, वो सिर्फ ठंडा करता है.”

तिनं रिमोट हातात घेतला. खरंच, त्यावर गरम हवेचं, सूर्याचं चिन्हच नव्हतं. पाहुण्यांच्या तंबूत झुळझुळ ऊब आणि त्यांची भांडी घासणाऱ्यांना घमेल्यातली राख. काही तुपाशी, काही उपाशी. तिनं तिथूनच रणजितला फोन लावला आणि तोंडाचा पट्टा सोडला. माणसं मेली असती, इथलं हीटिंग कुणी कापलं, कुठल्या गाढवानं कापलं, मला नाव हवंय.

रणजित सगळं ऐकून घेऊन शांतपणे म्हणाला, “मॅडम, सप्टेंबरचा मेल फॉरवर्ड करतोय. वाचा.”

मेल तिचाच होता. बजेट जास्त होतंय म्हणून क्लायंट कुरकुरत होता, तेव्हा कुठं हात आखडता घेता येईल याची यादी तिनं पाठवली होती. चौथी ओळ: स्टाफ केबिन, हीटिंगची गरज नाही, फक्त कूलिंगचे दोन युनिट चालतील. वाचले किती, तर नऊशे दिऱ्हम, म्हणजे बावीस हजार रुपये. तेव्हा बाहेर बेचाळीस अंश होते, ऑफिसात ती शाल घेऊन बसली होती, आणि तिच्या मनात ‘दुबईत कसली थंडी’ असंच आलं असणार. तिच्या. जिला त्या वाक्याची चीड यायची, तिच्या.

ती घमेल्याशेजारी खाटेवर बसली. इतका संताप तिला आजवर कुणाचाच आला नव्हता आणि ओरडायला समोर कुणी नव्हतं.

मग उठली. जेवणाच्या तंबूतले चारपैकी दोन रेडिएटर तिनं रफिकबरोबर ढकलत केबिनमध्ये आणले. दोन्ही एसी बंद करून प्रत्येकाच्या लाइनवर एकेक जोडायचा ठरवला, म्हणजे वायरिंगवर भार येणार नाही. एक्झॉस्टचं भोक उघडंच ठेवलं. कोळशाची पोती आजच्या आज कुलपात घालायला लावली. रणजितला कळवलं की दोन्ही एसी बदलेपर्यंत रेडिएटर इथेच राहतील, नाहीतर कागदावर माझी सही होणार नाही. आणि ती कपात मी सुचवली होती, हेही क्लायंटला लिहितेय.

“ताई, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय?” रणजित म्हणाला. “आज ओपनिंग आहे. खलास करा ना विषय.”

“पाहुण्यांना जेवताना थंडी वाजली तर शाली द्या,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

रफिक रेडिएटरचा प्लग हातात धरून उभा होता. त्याला तिनं सरळ सांगितलं, फिरवाफिरव न करता. “रफिक भाई, तुम्हारा हीटिंग मैंने काटा था. कंपनी ने नहीं. मैंने.”

तो शिवी देईल, निदान तोंड फिरवील, असं तिला वाटलं. तसं व्हावं असंच तिला वाटत होतं.

“कोई बात नहीं मॅडम,” तो म्हणाला. “आदत है.”

“बात है,” ती ओरडली. “गुस्सा करो ना. मेरे ऊपर करो.”

तो ओशाळून हसला. प्लगकडे बघितलं, मग दारातून जेवणाच्या तंबूकडे, मग तिच्याकडे.

“मॅडम, ये चालू करने की परमिशन है?”

तिच्या डोळ्यांत रागानं पाणी आलं. “आपका कमरा है. मुझसे मत पूछिए.”

तरी तो तसाच उभा राहिला, तिनं मान हलवेपर्यंत.