माझं रगत, आक्काच्या नावानं

आमच्या घरात बिडी कामगाराचं कार्ड एकच हाय. ते माझ्या थोरल्या जावंचं. तिला मी आक्का म्हनते. मी लगीन हून माढ्याकडनं सोलापुरात आले तवा ती कार्डवाली व्हती. मला कार्ड काय मिळालं न्हाय, म्हून तिच्याच कार्डावर वळायला बसले. ती पानं कापायची, मी तंबाखू भरून वळायची. माल कारखान्यात तिच्या नावानं जायचा. आमच्या गल्लीत समद्या घरात असंच हाय. कार्ड एकीचं, वळायला सासू, सून, लेक, जिची बोटं रिकामी ती. माल तपासनाऱ्याला बी ते ठावं असतं. तो बिडी बघतो, बाई बघत न्हाय.

आमा दोघींचे मालक गेले. तिचा अचानक गेला. माझा लकव्यानं गेला, पन बेतानं गेला. उजवी बाजू पडली ती पडलीच. लई दिस खाटंवर व्हता. त्याला घास भरवायचा, तोंड पुसायचं, कुशीवर करायचं, आन मंग बिड्या. मला लेकरूबाळ न्हाय. आक्काला एक पोरगा हाय, रिक्षा चालवतो, मला काकू म्हनतो. आमी तिघं एका चुलीवर र्‍हातो.

तर मागं एकदा कार्डवाल्या बायांसाठी रगत तपासायचं शिबिर आलं. फुकट व्हतं. पन ज्या बाईचं कार्ड तिलाच. आक्का सुईला लई भिती. तिच्या बाळंतपनात सुद्धा सुई टोचनारी बाई एकीकडं आन ही एकीकडं, असं झालेलं. मला म्हनाली, तूच जा की. मी म्हनलं, नाव तुजं हाय. तर म्हनाली, बिड्या कुनाच्या नावानं वळतीस?

ते बी खरंच व्हतं. मी तिचं कार्ड घिऊन गेले. कार्डावरचा फोटो जुना, त्यात डोक्यावरचा पदरच जास्ती दिसतो. खुर्चीवर बसले, हात म्होरं केला. हातात शीर सापडंना म्हून दोनदा टोचलं. 

रिपोर्ट आक्काच्या पोरानं आनला. शिबिरातल्या मॅडमनी त्याला बसवून समदं समजावून सांगितलं व्हतं. घरी आला तर डोळे लाल. म्हनाला, आईच्या रगतात चरबी लई वाढलीया, साखर बी वाढलीया, आन एक तिसरं काय तरी, ते अंगात आतनं सूज असली की वाढतं. हे समदं मिळून लकव्याची भीती असती. आज हुईल असं न्हाय, पन जपायला पायजे.

आक्कानं माझ्याकडं बघितलं. मी पानाच्या शिरा काढत व्हते. माझी सूज मला कुटं दिसत न्हवती.

सकाळी पोरगा रिक्षा घिऊन गेल्यावर मी आक्काला म्हनलं, त्याला सांगूया. ती म्हनाली, सांगितलं तर तो मॅडमला सांगनार, मॅडम कारखान्यात सांगनार, कार्ड गेलं की दोघींनी काय करायचं?  कार्ड गेलं तर खायचे वांधे, आन अंगावरनं वारं गेलं तर मला भरवायला कोन बसनार, ह्या दोनीत मला त्या दिशी कार्ड मोठं वाटलं.

मंग गोळ्या सुरू झाल्या. पोरगा रातच्या जेवनावर सोता गोळी आईच्या हातावर ठिवायचा आन गिळंपतूर उभा र्‍हायचा. आक्का ती गालात धरायची. त्यो भाईर गेला की काढून मला द्यायची. मी धुवून खायची.

घरात मीठ कमी झालं, तेल कमी झालं. शेंगाची चटनी डब्यातच र्‍हायली. आक्कासाठी फळं यायला लागली. गल्लीतल्या बाया तिला बघायला यायच्या, तिच्याजवळ बसायच्या. ती बी हळूहळू बोलायची. कापायच्या पानाचा गठ्ठा उचलायला गेली की पोरगा म्हनायचा, आई तू नगं, काकू हायत. काकू उचलायच्या.

म्हैना दीड म्हैना असं चाललं. मंग एके दिशी तिनं गोळी दिलीच न्हाय. मला वाटलं इसरली. दुसऱ्या दिशी बी न्हाय. मी इचारलं तर म्हनाली, गिळली.

"का गं?"

"मला त्यानं बरं वाटतंय."

"तुला काय झालंय?"

"नाव माझं हाय त्याच्यावर," ती म्हनाली. "पोरगं एवढं जीव लावून देतंय. थुकू कशी?"

 तिला जे झालंच न्हवतं ते बरं व्हाय लागलं व्हतं. मी बिनगोळीची र्‍हायले.

नंतर एका दुपारी आमी दारात वळत बसलेलो. मी बिडी वळली, तोंड दुमडलं, आन दोरा काय बांधता यीना. बोटं उघडली. बिडी सुपात पडली, तंबाखू सांडला. आक्का म्हनाली, नीट वळ की, पानं वाया जात्यात. मी म्हनलं, हात चालंना. पन ते माझ्या तोंडातनं तसं आलंच न्हाय, जाड काय तरी आलं. तिला वाटलं तोंडात मिसरी हाय. मंग तिनं मान वर केली आन माझ्याकडं बघतच र्‍हायली. माझं तोंड एका बाजूला ओढलेलं व्हतं, असं मागनं कळलं.

शेजारीन आली, म्हनाली कबुतराचं रगत चोळा. कबुतर आनायला तिचा नातू पळाला बी. आक्कानं पोराला फोन लावला.

त्यो रिक्षा घिऊन आला, मला मागं बसवलं, आक्का जवळ बसली. निम्म्या वाटंत माझा हात सुटला. बोटं हालायला लागली, जीभ बी जाग्यावर आली. मी म्हनलं, बरं हाय मला, चला माघारी, माल अर्धा र्‍हायलाय. पोरानं माझ्याकडं वळून बघितलं, त्याला बी हायसं वाटलं. म्हनाला, आईला झालं असतं तर थांबलो नसतो, पन काकूला काय तसं न्हाय, उनानं झालं असंल. आन रिक्षा वळवायला लागला.

आक्का म्हनाली, "वळवू नगं. दवाखान्यात चल."

"आई, आता बरं हाय की तिला."

"ती रिपोर्टाची फाईल हिची हाय. सुई हिनं टोचून घेतली. माझ्या नावानं."

त्यानं रिक्षा कडंला लावली. मागनं बसवाला हॉर्न वाजवीत व्हता. पोरगा म्होरं बघत म्हनाला,

"आन गोळ्या?"

"त्या मी खाल्ल्या."

 रिक्षा जी सोडली ती दवाखान्याच्या दारातच थांबली. मला वाटलं आता मी लकव्यानं न्हाय, रिक्षातनं पडून मरनार.

डॉक्टर तरना व्हता. त्यानं मला हात वर करायला लावले, हसायला लावलं. हसायचं कशाला ते मला कळंना, पन हसले. त्यानं इचारलं, आधीचे काही रिपोर्ट? पोरानं रिक्षातच ठिवलेली फाईल दिली. डॉक्टरनं नाव वाचलं, मला नाव इचारलं, मी माझं सांगितलं. पोरगा म्हनाला, रिपोर्ट हिचाच हाय, नाव आईचं हाय. डॉक्टरनं इचारलं, गोळ्या चालू आहेत का? पोरगा म्हनाला, चालू हायत, पन आईला.

डॉक्टरनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मंग म्हनाला, हा झटका लहान होता, आपोआप ओसरला, पण अशाच्या मागून मोठा येऊ शकतो. घरी गेला असतात तर सांगता आलं नसतं. मला ठिवून घेतलं. परत रगत काढलं, ह्या बारीला माझ्या नावानं. तेच निघालं. चरबी, साखर, आतली सूज, समदं जाग्यावर.

कारखान्यात कुनी काय इचारलं न्हाय. शिबिरातल्या मॅडमनी रिपोर्टावरचं नाव बदलून घेतलं आन पोराला सांगितलं की पुन्यांदा असं करू नका. बिड्या अजून आक्काच्याच कार्डावर जात्यात. पोरगा आठ-धा दिस आमा दोघींशी बोलला न्हाय. नुसती माझ्या म्होरं गोळी ठिवायचा.

मी घरी आल्यावर डॉक्टरनं आक्काला बी तपासायला बोलावलं, उगं खाल्लेल्या गोळ्यांचं काय झालं ते बघायला. मी संगं गेले. तिनं डोळे मिटले, माझं मनगट धरलं आन सुई निघंपतूर सोडलं न्हाय. माझ्या हातावर तिची नखं उमटली. तिचं रगत चांगलं निघालं. काळजीचं काय न्हाय म्हनाले.

ह्याचा तिला राग आला.  दुसऱ्या दिशी फळं माझ्या म्होरं आली, गल्लीतल्या बाया माझ्याजवळ बसल्या, पानाचा गठ्ठा तिनं उचलला. जेवताना तिनं शेंगाच्या चटनीचा डबा काढला, तेल वतून घेतलं आन माझ्याकडं बघत खाल्लं. मंग उठून मला गोळी आन पानी दिलं, आन मी तोंड उघडून दाखवंपतूर म्होरनं हालली न्हाय.