तागाचा नमुना, प्लास्टिकचा माल

लातूरच्या एका डाळ मिलच्या मालकानं मला नमुना एक दाखवला आणि माल दुसरा दिला. फसवलं त्यानं, फसलो मी, आणि मणका मोडला माझ्या थोरल्या भावाचा.

ज्यांचा मोंढ्याशी, म्हणजे धान्यबाजाराशी, संबंध नाही त्यांना यातला राग कदाचित कळणार नाही. आमच्याकडे तुरीचा ढीग कुणी उपसून बघत नाही. मूठभर तूर तळहातावर घेतात, एखादा दाणा दाताखाली फोडतात आणि त्या मुठीवर ट्रकभर मालाचा सौदा होतो. माल मुठीसारखा निघाला नाही तर सौदा मोडतो, आणि पुन्हा त्या माणसाच्या दुकानावर कुणी चहासुद्धा घेत नाही. हे त्या मालकाला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

मी नांदेडला जुन्या बारदान्याचा धंदा करतो. रिकामी पोती घ्यायची, फाटलेली शिवून घ्यायची आणि परत विकायची. लोह्याकडच्या एका खेड्यातून आम्ही दोघं भाऊ लातूरला हमालीला आलो होतो. माझी पाठ लवकर दुखायला लागली, जीभ मात्र शाबूत होती. म्हणून मी पोती उचलायचं सोडून पोत्यांचा भाव करायला लागलो. थोरला अण्णा त्या डाळ मिलमध्ये हमालच राहिला.

हमालीच्या पहिल्या दिवशी त्यानंच मला शिकवलं होतं, "कंबरंतून वाकलास तर कंबर गेली म्हण. गुडघ्यात बस, पोतं पाठीला चिकटू दे, मग ऊठ." त्याची सगळी उमर पोतं पाठीला चिकटवण्यात गेली. मानेखाली मांसाचा गड्डा आला. बोटं इतकी आखडली की जेवताना वहिनी त्याला भाकरी चुरून द्यायची. पण एका गोष्टीचा त्याला गर्व होता आणि तो चारचौघांत बोलून दाखवायचा. "आजपातूर माझ्या पाठीवरचं पोतं खाली पडलं न्हाई."

मिलच्या हमालांनी मला बोलावलं ते या पाठींसाठीच. क्विंटलाचं पोतं बंद करा, पन्नास किलोचं आणा. आणि पोत्यांची थप्पी छातीच्या वर गेली की माल चढवायला सरकता पट्टा द्या. एवढंच मागणं होतं. पण मालकासमोर गेलं की एकाच्याही तोंडून शब्द फुटायचा नाही. माझ्या तोंडाला तो त्रास नाही.

मला बघून मालकानं हात जोडले. "या या, बारदानवाले! आज पोती विकायला का पुढारीपण करायला?"

"पोती विकायला आलो असतो शेटजी, तर तुमी दारातूनच वाटंला लावलं असतं. हमालांच्या पाठीचं बोलायला आलोय."

"पाठीला काय झालं? जिममधी पोरं पैसे भरून वजनं उचलून राहिलीत. इथं उलटे पैसे मिळतेत."

"मग तुमच्या पोराला पाठवा की उद्यापासून. जिमचे वाचतील."

मुनीम खाली मान घालून हसला. मालक हसला नाही, पण चहा सांगितला. मी ओळखलं, माणूस सौद्याला बसला.

दुपार सगळी त्यात गेली. पोतं हलकं करतो पण पट्टा जमणार नाही म्हणाला. मी उठलो, दारापर्यंत गेलो, चप्पल पायात घातली. त्यानं परत बोलावलं. पोतं लगेच आणि पट्टा पुढच्या सीझनला, यावर गाडी आली. मग त्यानं कपाटातून एक नवंकोरं तागाचं पोतं काढून माझ्या मांडीवर टाकलं. पन्नास किलोचं. मी ते उलटं करून बघितलं, शिवण ओढली, वास घेतला. सवयच आहे.

"असंच?" मी विचारलं.

"असंच. घेऊन जा, नमुना तुमच्यापाशीच ठेवा."

अण्णानं त्या संध्याकाळी मला मोंढ्याच्या कोपऱ्यावर भजी खाऊ घातली. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होता, "ह्यो माझा धाकटा. शेटजीला वाकवून आला."

पुढे पोती आली. पन्नास किलोचीच आली, पण पांढऱ्या प्लास्टिकची.

बाहेरच्या माणसाला वाटेल, त्यात काय एवढं. हमाल थप्पीवर शिडी लावून चढत नाही. पोत्यांच्याच पायऱ्या रचतो आणि पाठीवर ओझं घेऊन अनवाणी चढतो. तागावर पाऊल धरतं. प्लास्टिकवर डाळीची तेलकट भुकटी बसली की ओल्या शेवाळावर चालल्यासारखं होतं. तागाच्या पोत्यात लोखंडी आकडा रुतवून ते ओढता येतं. प्लास्टिक आकड्यानं फाटतं, म्हणून मालकानं आकडेच काढून घेतले. आता नुसत्या बोटांनी धरायचं. अण्णाची बोटं कशी होती ते वर सांगितलंच आहे. त्यात पोती हलकी झाली म्हणून थप्पी आधीपेक्षा उंच जायला लागली. जो आराम मी मागून आणला होता तो मालकानं उंचीत वसूल केला.

मी फोन लावला. "शेटजी, नमुना तागाचा होता."

"वजन पन्नासच हाय ना? मग? सगळं जग प्लास्टिकमधी गेलं, तुमी तागाला कवटाळून बसलात. धंदा बसत चाललाय म्हणून बोंबलता का?"

त्यावर मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. पुढचा सीझन आला, पट्टा आला नाही.

उन्हाळ्यात, गोदामाचे पत्रे तापलेले असताना, अण्णा वरच्या पायरीवर असताना त्याच्या पायाखालचं पोतं सरकलं. तो पाठीवर आदळला आणि पाठीवरचं पोतं त्याच्या अंगावर. सोबतचे हमाल खालीच उभे होते, त्यांनी सगळं पाहिलं. मी नांदेडहून पोचलो तेव्हा तो दवाखान्यात छताकडे बघत पडला होता. पायाला हात लावला तर त्याला कळत नव्हतं.

मालक भेटायला आला. खाटेच्या पायथ्याशी उभा राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चक्कर आली असंल. वय झालं आता. ऊन हाय, ही लोकं पाणी पीत न्हाईत." मग माझ्याकडे वळून, "अन् पन्नास किलोची पोती तुमीच मागितली व्हती ना?"

मी त्याची गचांडी धरली. लोकांनी सोडवलं.

पण त्याचं वाक्य काही सुटलं नाही. मोंढाभर तेच झालं. चक्कर आली म्हणे. कुणीतरी दारूही जोडून दिली, ज्यानं जन्मात बाटली हातात धरली नाही त्याला. पाहिलेले हमाल गप्प आहेत. त्यांना उद्या त्याच मिलमध्ये जायचं आहे.

अण्णा आता घरी असतो, पुढच्या खोलीत, बाजेवर. वहिनी त्याला कुशीवर वळवते. मागच्या वेळी गेलो तेव्हा त्यानं मला बाजेशी बसवून घेतलं. मग म्हणाला, "मला चक्करच आली असंल रे."

"न्हाई आली, अण्णा. पोतं सरकलं. सगळ्यांनी पाह्यलंय."

"पाह्यलं तर बोलून का न्हाई राहिले? मला तर आठवत न्हाई. शेटजी खोटं कशाला बोलंल?"

आजवर पोतं पडू दिलं नाही, हे तो आता बोलत नाही. पाय गेले ते मी डोळ्यांनी पाहतो आहे. पण हे जे गेलं, ते कोणत्या दवाखान्यात दाखवायचं?

अण्णा पडल्यावर आठवड्याच्या आत मिलमध्ये सरकता पट्टा आला. नवा, हिरव्या रंगाचा. मी स्वतः गेटातून पाहिला.

म्हणून शेटजी, भरपाईचं वकील बघून घेतील, मला त्यावर घासाघीस करायची नाही. तुमचा नमुना अजून माझ्यापाशी आहे. मी तो घेऊन येतो, तुम्ही तुमचं एक प्लास्टिकचं पोतं आणा. दोन्ही अण्णाच्या बाजेवर ठेवू. यातलं कोणतं दाखवलं आणि कोणतं त्याच्या पायाखाली घातलं, ते त्याच्या तोंडावर सांगा. आणि अण्णाला चक्करच आली होती, तर तो पट्टा कशासाठी आणला, याचं उत्तर त्याला द्या. मला नको. त्याला द्या.