आधी रिकामा हूक

लासुर्ण्याचे महिपतराव साखर कारखान्यात गाड्यांतला ऊस उचलणारी क्रेन चालवत. हूक वर टोकाला जाऊन स्विचच्या दांडीला भिडला, की दांडी उचलली जाऊन स्विच मोटर बंद करी. रोज कामाआधी ते रिकामा हूक वर नेऊन हे पाहत.

"राव, हुकाला व्यायाम व्हय?" गाडीवान चिडवत.

मोळीपूजनाने गाळप हंगाम सुरू झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी हूक दांडीला भिडला, तरी थांबेना. महिपतरावांनी झटक्यात वीज तोडली. वर चढून पाहतात तर त्यांनीच पूजेत भक्तिभावाने बांधलेल्या झेंडूच्या हारानं दांडी आवळलेली, ती हलेचना! हुकाला ऊस टांगलेला असता, तर तार तुटून सगळा भार गाडीवानांवर आला असता.

त्यांनी हार सोडून हुकाला घातला. रिकामा हूक वर गेला, थांबला. आज कुणी हसलं नाही.